आकाशातील भोवरा

सप्तर्षींच्या शेपटीतील शेवटचा तारा मरीची. त्याच्या जवळच, श्यामशबल नावाच्या लहानशा तारकासमूहात, नुसत्या डोळ्यांस काहीएक दिसत नाही अशी एक जागा आहे. बेताची दुर्बीण तिकडे वळविली तर काचेवर फुंकर घातल्यावर उमटावा तसा एक पुसट डाग दिसतो. ह्या डागाचा इतिहास आम्ही ह्या आठवड्याच्या अभ्यासासाठी घेतला आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी व तरुण संघांच्या चालकांनी तो लक्षपूर्वक वाचावा अशी आमची विनंती आहे. कारण ह्या विषयातून उद्भवणारा एक प्रश्न आमच्या मंडळ्यांतील मुले आज विचारीत आहेत, आणि त्यांस सरळ उत्तर मिळत नाही. त्या प्रश्नाकडे आम्ही योग्य ठिकाणी येऊ.

पॅरिस येथील चार्ल्स मेसिए नामक ज्योतिर्विद धूमकेतूंच्या शोधात असे. (फलज्योतिषाशी ह्या विद्येचा काडीचाही संबंध नाही, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे.) धूमकेतू प्रथम दिसतो तो अशाच डागासारखा, परंतु तो आपली जागा बदलीत जातो. जे डाग जागचे हलत नाहीत ते धूमकेतू नव्हेत, आणि त्यांच्यामागे लागून रात्री फुकट जातात. म्हणून मेसिएने अशा स्थिर डागांची यादीच करून ठेविली. ता. १३ ऑक्टोबर १७७३ रोजी त्यास हा डाग आढळला, व यादीत त्याचा क्रमांक ५१ वा लागला. १७८१ साली त्याचा सहकारी पिएर मेशें ह्याने ह्या डागास लागूनच दुसरा एक लहान डाग आहे असे पाहिले. मेसिएच्या लेखी ही सर्व अडगळ होती. त्याने शोधिलेल्या धूमकेतूंची नावे आज फारसे कोणी घेत नाही. अडगळीची ती यादी मात्र जगभर ज्योतिर्विदांच्या नित्य वापरात आहे.

पुढील सत्तर वर्षे डाग डागच राहिला. सर जॉन हर्शेल ह्यांनी त्याचे चित्र काढिले तेव्हा त्यांस तो मध्ये गोळा व भोवती कडे अशा आकाराचा दिसला. त्याचे खरे रूप पाहण्याचा मान आयर्लंडातील एका जमीनदारास मिळावयाचा होता.

विल्यम पार्सन्स, रॉसचे तिसरे अर्ल, हे बर येथील गढीत राहत. त्यांस सहा फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण करावयाची होती. एवढा आरसा त्या काळी कोणीही केला नव्हता, व तो करून देणारा कारखानाही नव्हता. तेव्हा अर्लसाहेबांनी आपल्या वाड्याच्या आवारातच भट्ट्या घातल्या, त्या भागात जळणास मिळणारी दलदलीतील वाळलेली माती पेटविली, गावच्या लोहार-सुतारांस शिकवून तयार केले, आणि १८४२ साली आरसा ओतला. त्याची धातू तांबे व कथील ह्यांची. म्हणजे आपल्या घरी जे काशाचे भांडे असते त्याच जातीची, पण कथील अधिक व म्हणून काचेसारखी ठिसूळ. वजन सुमारे तीन टन. काशाची वाटी जशी हवेने काळवंडते तसा हा आरसाही काळवंडे. म्हणून दोन आरसे करावे लागले, एक कामावर असता दुसऱ्यास झिलई चाले. सुमारे चौपन्न फूट लांबीचे नळकांडे दोन जाड दगडी भिंतींच्या मध्ये साखळदंडांनी टांगले होते. आत एवढी ऐसपैस जागा होती की ईली येथील डीन पीकॉक हे पाद्री त्यातून उघडी छत्री डोक्यावर धरून चालत गेले असे सांगतात. त्या भिंतींमुळे दुर्बीण वरखाली होई, पण बाजूंस फारच थोडी वळे. तारा डोक्यावरच्या मध्यरेषेशी आला म्हणजे तासभर काय तो पाहून घ्यावा. त्यातून आयर्लंडचे आकाश वर्षाचा बहुतेक काळ ढगांनी भरलेले. अशा ठिकाणी अशी दुर्बीण उभारणे शहाणपणाचे होते असे आम्हांस वाटत नाही. तरी जे दिसले ते तेथेच दिसले.

१८४५ च्या एप्रिल महिन्यात लॉर्ड रॉस ह्यांनी ५१ व्या डागाकडे पाहिले, आणि त्यांस भोवरा दिसला. मध्ये तेजस्वी गाभा. त्यापासून निघून बाहेर वळत गेलेले प्रकाशाचे फाटे, नदीच्या डोहात पाणी फिरते तसे. आणि एका फाट्याच्या टोकाशी मेशेंचा तो लहान डाग. इतक्या मंद वस्तूचे छायाचित्र घेण्याची विद्या तेव्हा नव्हती. काळोखात, शिडीवरच्या सज्जात उभे राहून, डोळ्यांनी पाहावे व हाताने काढावे एवढाच उपाय होता. त्या जूनमध्ये केंब्रिज येथील शास्त्रज्ञांच्या सभेत हे चित्र दाखविण्यात आले. सभेच्या अध्यक्षस्थानी तेच जॉन हर्शेल होते, ज्यांनी पूर्वी कडे काढिले होते. त्यांनी नव्या चित्राचे मनापासून स्वागत केले. आजच्या छायाचित्राशेजारी रॉस ह्यांचे चित्र ठेविले असता त्या माणसाच्या डोळ्यांची व हाताची सचोटी पाहून मन थक्क होते.

त्याच वर्षीच्या शरदृतूत आयर्लंडातील बटाट्यांवर करपा पडला. बटाटा हेच तेथील गरिबांचे अन्न. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे भुकेने व तापाने मेली. जगातील सर्वांत मोठी दुर्बीण तयार होऊन थोडेच महिने झाले होते. पण लॉर्ड रॉस ह्यांनी ती बाजूस ठेविली व आपल्या भागातील उपाशी लोकांच्या कामास लागले. वेध नियमाने पुन्हा सुरू झाले ते १८४८ साली. ज्योतिषशास्त्राच्या पुस्तकांतून ही गोष्ट एका ओळीत उरकलेली असते. आमच्या मते तिला अधिक जागा मिळावयास हवी.

पुढे असे भोवऱ्यासारखे डाग पुष्कळ सापडले. त्यांस सर्पिल तेजोमेघ हे नाव पडले. परंतु ते आहेत तरी काय? कोणी म्हणत, आपल्याच आकाशगंगेतील हे वायूचे लोट आहेत, ह्यातून एखादा नवा सूर्य घडत असेल. दुसरे म्हणत, हे आपल्या आकाशगंगेच्या पार पलीकडचे, तिच्यासारखेच ताऱ्यांचे स्वतंत्र समुदाय आहेत. ता. २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टन येथे हार्लो शॅप्ली व हेबर कर्टिस ह्या दोघा विद्वानांनी ह्यावर भरसभेत वाद केला. शॅप्ली पहिल्या पक्षाचे. त्यांचा एक मोठा आधार असा होता की, त्यांचे मित्र व्हान मानेन ह्यांनी आमच्या ह्या ५१ व्या डागासारख्या भोवऱ्यांच्या जुन्या-नव्या छायाचित्रांची तुलना करून ते फिरताना आपणांस दिसतात असे जाहीर केले होते. थोड्या वर्षांत जो डोळ्यांदेखत फिरतो तो फार दूर असूच शकत नाही, हे अनुमान बरोबर होते. मोजमाप मात्र चूक होते. मित्राच्या शब्दावर शॅप्ली विसंबले, व सर्व इमारत त्या पायावर उभी राहिली.

निर्णय भाषणांनी झाला नाही. तो अंतर मोजण्याने झाला, आणि ते मोजण्याची किल्ली एका पाळकाच्या मुलीने शोधून काढिली होती.

हेन्रिएटा स्वान लेविट ह्यांचे वडील अमेरिकेतील काँग्रिगेशनल मंडळीचे पाळक होते. म्हणजे ज्या मंडळ्यांच्या वर्गणीतून अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईस व १८३१ साली अहमदनगरास आले, त्याच पंथाचे. बाईंस ऐकू फार कमी येई. हार्वर्ड येथील वेधशाळेत तासाला तीस सेंट मजुरीवर छायाचित्रांच्या काचा तपासण्याचे काम त्यांस मिळाले होते. स्त्रियांस दुर्बिणीवर बसू देत नसत. काही तारे ठराविक दिवसांनी तेजस्वी व मंद होत असतात. दक्षिण आकाशातील मॅगेलनच्या लहान मेघात असे तारे बाईंनी शेकड्यांनी नोंदिले, आणि त्यांतील पंचवीस ताऱ्यांवरून १९१२ साली एक नियम मांडला: ज्याचा फेरा जितका लांब, तितका तो तारा मुळात अधिक तेजस्वी.

हा नियम इतका महत्त्वाचा का, हे कंदिलाच्या दृष्टांताने समजेल. रात्री शिवारात एक दिवा मिणमिणताना दिसला तर तो जवळची पणती आहे की दूरची पेट्रोमॅक्स बत्ती हे कळत नाही. पण तो कोणत्या जातीचा दिवा आहे हे जर काही खुणेने कळले, तर किती मंद दिसतो ह्यावरून तो किती दूर आहे हे सांगता येते. दुप्पट अंतरावर उजेड चौथाई, तिप्पट अंतरावर नवमांश. लेविटबाईंनी ती खूण दिली. ताऱ्याचा फेरा किती दिवसांचा ते मोजा; त्यावरून त्याची जात कळेल, व अंतर गणिताने निघेल.

लेविटबाई १९२१ च्या डिसेंबरात कर्करोगाने वारल्या. १९२३ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन येथे एडविन हबल ह्यांनी शंभर इंची दुर्बिणीतून देवयानी तारकासमूहातील मोठ्या सर्पिल मेघाचे छायाचित्र घेतले. त्यात त्यांनी तीन ठिकाणी ‘नवा तारा’ अशी खूण केली. मग जुन्या काचा काढून ताडून पाहता त्यांतील एक तारा नवा नसून वारंवार वाढणारा व मंदावणारा आहे असे त्यांस कळले. त्यांनी पहिली खूण खोडली व काचेवरच ‘बदलता’ ह्या अर्थाची अक्षरे उद्गारचिन्हासह लिहिली. त्या ताऱ्याचा फेरा सुमारे एकतीस दिवसांचा निघाला. लेविटबाईंचा नियम लावता अंतर आले सुमारे नऊ लक्ष प्रकाशवर्षे. शॅप्लींच्या अतिशय विस्तीर्ण अशा आकाशगंगेतही एवढी जागा नव्हती. हबलचे पत्र हाती पडताच शॅप्लींनी आपले विश्व ह्या पत्राने मोडले असे उद्गार काढिले, अशी आठवण त्यांच्या सहकारी बाईंनी सांगितली आहे. १९२५ साली स्वीडनच्या एका गणितज्ञाने नोबेल पारितोषिकासाठी सुचविण्याच्या हेतूने लेविटबाईंस पत्र लिहिले. त्या वारल्याचे त्यास ठाऊक नव्हते.

पुढे १९५२ साली वाल्टर बाडे ह्यांनी दाखविले की असे बदलते तारे दोन जातींचे आहेत, व हबलने धरलेले माप कमी पडते. आज देवयानीतील मेघाचे अंतर सुमारे पंचवीस लक्ष प्रकाशवर्षे मानतात, आणि ५१ व्या डागाचे सुमारे तीन कोटी. ह्या समुदायांस मराठीत दीर्घिका म्हणतात. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे ती आपली आकाशगंगा. तिचा व्यास सुमारे एक लक्ष प्रकाशवर्षे, तीत तारे दहा हजार कोटींहून अधिक, आणि सूर्य मध्यापासून सुमारे सव्वीस हजार प्रकाशवर्षांवर, एका बाजूस. तीही सर्पिलच आहे. पण आपण तिच्या आतच असल्यामुळे, घरात बसलेल्यास घराचे छप्पर दिसत नाही तसे, तिचे रूप आपणांस बाहेरून दिसत नाही.

येथे एक शंका येते. भोवरा फिरत असेल तर त्याचे फाटे गुंडाळून गुंडाळून केव्हाच नाहीसे झाले पाहिजेत, कारण आतील तारे आपली फेरी लवकर पुरी करितात व बाहेरचे मागे पडतात. ह्याचा उलगडा १९६४ साली लिन व शू ह्या दोघा शास्त्रज्ञांनी सुचविला. आठवडे बाजाराच्या दिवशी अरुंद पुलापाशी बैलगाड्यांची गर्दी होते. सकाळी पाहा, गर्दी आहे; दुपारी पाहा, गर्दी आहे; परंतु सकाळच्या गाड्या केव्हाच बाजारात पोहोचल्या, ह्या दुसऱ्या आहेत. मागून गाड्या येऊन मिळतात, पुढून सुटून जातात, आणि गर्दी तेथेच राहते. दीर्घिकेचे फाटे हे असेच ताऱ्यांच्या व वायूच्या गर्दीचे पट्टे आहेत. ५१ व्या दीर्घिकेत शेजारून गेलेल्या लहान दीर्घिकेच्या ओढीने हे पट्टे अधिकच ठसठशीत झाले आहेत. वायू दाटला की त्यातून नवे तारे जन्मतात, म्हणून फाटे उजळ दिसतात.

आता तो प्रश्न. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लक्ष किलोमीटर जातो; सूर्यापासून आपणांपर्यंत येण्यास त्यास आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. एका वर्षात तो सुमारे ९ लक्ष ४६ हजार कोटी किलोमीटर चालतो, हेच प्रकाशवर्ष. देवयानीचा प्रकाश पंचवीस लक्ष वर्षे चालून आला आहे. मग महाविद्यालयात शिकणारा आमचा मुलगा विचारतो: जग निर्माण होऊन सहा हजार वर्षे झाली असे मला शब्बाथशाळेत शिकविले, तर हा प्रकाश निघाला केव्हा? पुष्कळ ठिकाणी त्यास उत्तर म्हणून रागे भरणे मिळते. तो गप्प बसतो, आणि काही दिवसांनी उपासनेस येईनासा होतो. आम्ही हे वाढवून सांगत नाही. अनेक पाळकांस हा अनुभव आहे.

त्या मुलास प्रथम हे सांगावे की सहा हजार वर्षांचा आकडा पवित्र शास्त्रात कोठेही लिहिलेला नाही. तो आर्मा येथील आर्चबिशप जेम्स अशर ह्यांनी वंशावळ्यांची व राजांच्या वर्षांची बेरीज करून १६५० साली छापला. त्यांच्या मते सृष्टीचा आरंभ ख्रिस्तापूर्वी ४००४ ह्या वर्षी झाला. अशर मोठे विद्वान व भाविक होते. पुढे त्यांच्या तारखा इंग्रजी बायबलाच्या समासात छापू लागले, आणि समासातील आकडा वाचता वाचता लोकांस तो मूळ वचनाइतकाच पवित्र वाटू लागला. त्याच आर्मा शहरात पुढे एका आर्चबिशपानेच वेधशाळा स्थापिली, आणि तेथील प्रमुख, रेव्हरंड थॉमस रॉबिन्सन, हे १८४५ च्या फेब्रुवारीत रॉस ह्यांच्या दुर्बिणीतून पहिल्या रात्री पाहणाऱ्यांपैकी एक होते. धर्मसेवकांनी आकाशाकडे पाहण्यास भ्यावे असा आमच्या मंडळ्यांचा पूर्वापार शिरस्ता नाही.

काही बंधू असे उत्तर देतात की देवाने प्रकाश वाटेवरच निर्माण केला असेल. म्हणजे तारा व त्याचा आपल्यापर्यंत पोहोचलेला किरण एकदमच घडविला. देवास काय अशक्य आहे? शक्यतेचा प्रश्न येथे नाही. ५१ व्या दीर्घिकेत १९९४, २००५ व २०११ ह्या वर्षी एकेक तारा स्फोट होऊन फुटताना ज्योतिर्विदांनी पाहिला. आठवड्यामागून आठवडे त्यांनी त्याचे तेज वाढताना व विझताना मोजले. प्रकाश जर वाटेवरच निर्माण झाला असेल, तर ते तारे कधी फुटलेच नाहीत. कदाचित कधी नव्हतेच. न घडलेल्या गोष्टीचे तपशीलवार वृत्त देवाने आकाशात लिहून आपणांस पाठविले, असे म्हणावे लागेल. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या शिपायाचे पत्र कित्येक आठवड्यांनी घरी येई. आई ते वाचून घेई, व त्या दिवशी आपला मुलगा कसा होता हे तीस कळे. ते पत्र मुलाने लिहिलेच नाही, कोणी वाटेतच तयार केले, असे जर तीस सांगितले तर तिने पत्र पाठविणाऱ्याविषयी काय समजावे? जो देव खोटी साक्ष देऊ नको अशी आज्ञा करितो, त्याच्याविषयी असे बोलण्यापेक्षा अशर ह्यांची बेरीज सोडून देणे आम्हांस सोपे वाटते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ताऱ्यांचा उल्लेख किती थोडक्या शब्दांत आला आहे हे मुलांस उघडून दाखवावे. किती तारे, किती दूर, किती जुने, ह्यांविषयी तेथे एक अक्षर नाही. ते मोजण्याचे काम मनुष्यावर सोपविलेले आहे.

दुसरी शंका मुले क्वचितच बोलून दाखवितात, पण ती अधिक खोल असते: एवढ्या विस्तारात आमची गणती कोण करितो? आठव्या स्तोत्राचा कर्ता हेच विचारतो, आणि त्यास तर एका वेळी दोनतीन हजारांहून अधिक तारे दिसत नव्हते. म्हणजे हा प्रश्न दुर्बिणीने निर्माण केलेला नाही. दुष्काळात दुर्बीण बाजूस सारून कुळांच्या झोपड्यांकडे गेलेल्या त्या अर्लचे उदाहरण वर्गात सांगून मग ह्या स्तोत्रावर चर्चा घ्यावी, अशी आमची सूचना आहे.

ह्या विषयाशी पुण्याचाही आता संबंध आला आहे. ता. २५ डिसेंबर १९२१ रोजी नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनी, २०२१ च्या नाताळच्या दिवशी, जेम्स वेब नावाची दुर्बीण अवकाशात सोडण्यात आली. तिने घेतलेल्या चित्रांतून पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन व योगेश वाडदेकर ह्यांनी एक सर्पिल दीर्घिका शोधून काढिली, व २०२५ साली ती प्रसिद्ध केली. (जुन्नर तालुक्यात खोडद येथे ज्या तीस प्रचंड थाळ्या उभ्या आहेत त्या ह्याच संस्थेच्या; हा शोध मात्र त्यांचा नव्हे.) दीर्घिकेचे नाव त्यांनी अलकनंदा ठेविले, कारण आकाशगंगेस हिंदीत मंदाकिनी म्हणतात, आणि हिमालयात ह्या दोन नद्या बहिणी. तिचा प्रकाश सुमारे बाराशे कोटी वर्षे चालून आला आहे. तो निघाला तेव्हा सर्व विश्वाचे वय दीडशे कोटी वर्षांच्या आसपास होते. इतक्या आरंभीच्या काळी दीर्घिका ओबडधोबड, गाठीगाठींच्या असाव्यात असा विद्वानांचा तर्क होता. अलकनंदा तर सुमारे तीस हजार प्रकाशवर्षे रुंद, दोन रेखीव फाट्यांची, पुरी घडलेली दिसते. एवढ्या थोड्या अवधीत ती अशी कशी सजली, ह्याचे उत्तर शोधण्याचे काम चालू आहे.

अलकनंदा आमच्या वाचकांस दिसणार नाही, ५१ वी दीर्घिकाही दुर्बिणीवाचून दिसणार नाही. पण देवयानीतील दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते. इराणातील अल-सूफी ह्याने ९६४ च्या सुमारास तिची नोंद ‘लहानसा ढग’ अशी केली आहे. ह्या कामी खेडेगावच्या मंडळ्यांस शहरवाल्यांपेक्षा अधिक सोय आहे, कारण दिव्यांच्या झगमगाटात ती बुडून जाते. नोव्हेंबरच्या मध्यास, अमावास्येच्या जवळची रात्र पाहून, नऊच्या सुमारास वर्गास मोकळ्या शेतात न्यावे. डोक्याजवळ भाद्रपदांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातील ताऱ्यापासून ईशान्येकडेच ताऱ्यांची एक रांग जाते. तीतील दुसऱ्या ठळक ताऱ्यापाशी थांबावे. तेथून उत्तरेस शर्मिष्ठेच्या बाजूस वळले की दोन मंद तारे एकापुढे एक लागतात. दुसऱ्याच्या लगतच तो लांबट, धुरकट ठिपका आहे. सर्व दिवे मालवून पंधरा मिनिटे डोळ्यांस अंधाराची सवय होऊ द्यावी, आणि ठिपक्याकडे रोखून न पाहता त्याच्या किंचित बाजूस पाहावे. डोळ्याच्या कडेस मंद प्रकाश अधिक चांगला कळतो.